सहावा अध्याय आणि माझी घोंगडी

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर मी आजवर किती वेळा बोललो असेन, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. वर्गात बोललो, शिक्षकांच्या मेळाव्यांत बोललो, सिरसाळ्याच्या आणि पंचक्रोशीतल्या गावांच्या सप्ताहांत तर दरसाल बोललो. गीतेच्या ४७ श्लोकांवर ज्ञानदेवांनी येथे ४९७ ओव्या खर्ची घातल्या, हे मी आकड्यांनिशी सांगत असे. श्रोते माना डोलवीत. या साऱ्या वर्षांत एकाही श्रोत्याने मला असे विचारले नाही की, गुरुजी, तुम्ही स्वतः कधी बसलात का? विचारले असते तर माझी मोठी पंचाईत झाली असती.

टीकाकाराला एवढी सवलत असतेच, असे मी स्वतःला समजावीत आलो. युद्धकाव्याची समीक्षा करायला तलवार हाती धरावी लागत नाही. पण सहावा अध्याय हे नुसते काव्य नाही. ते एक कृतीचे पुस्तकही आहे. अमुक असे बस, मान अशी ठेव, एवढे जेव, एवढे झोप, असे ते सांगते. कृतीच्या पुस्तकाचा परामर्श चूल न पेटवता घेता येतो काय? सध्या घरोघर फराळाची धांदल चालली आहे, त्यामुळे माझ्या भगिनीवर्गाला हा मुद्दा चटकन पटेल. पुस्तकातले प्रमाण अगदी अचूक असते, आणि अनारसा तरीही तुपात हसतो. का हसला, हे पुस्तकाच्या प्रस्तावनेत सापडत नाही.

माझी चूल पेटली ती गेल्या वर्षी. भाद्रपदात माझी पत्नी गेली. त्यानंतर माझी झोप गेली. पहाटे तीनला डोळे उघडत आणि उजाडेपर्यंत घरातल्या एकेका वस्तूकडे बघत पडून राहावे लागे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितले, की रोज थोडा वेळ स्वस्थ बसत जा. मला मनातल्या मनात हसू आले. ध्यानावर तीस-बत्तीस वर्षे व्याख्याने देणाऱ्याला ध्यान कर म्हणून सांगायचे! पण हसण्याने झोप येत नाही. कार्तिकाच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे मी माजघरात घोंगडी चौघडी करून टाकली, तिच्यावर धुतलेले धोतर पसरले आणि बसलो. समोर भिंत होती. भिंतीवर घड्याळ होते. ते काढून ठेवायला हवे होते, हे नंतर कळले.

त्या दिवशी मी अकरा मिनिटे बसलो. त्यांतली पहिली दोन मिनिटे मी ध्यान करीत होतो. उरलेली नऊ मिनिटे मी 'मी ध्यान करीत आहे' असा विचार करीत होतो. डाव्या पायाला मुंग्या आल्या. गॅसची टाकी नोंदवायची राहिली आहे हे आठवले. वीस वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने मला भर सभेत उणे बोलल्याचे आठवले आणि त्याला द्यायला हवे होते ते उत्तर त्या पहाटे प्रथमच सुचले. फार चांगले उत्तर होते. मग पत्नीचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता, खिडकीचे दार होते. मी उठलो.

त्याच सकाळी मी पोथी काढली आणि प्रथमच ती नवख्याच्या गरजेने वाचायला बसलो. व्याख्यात्याच्या गरजेने वाचणे आणि नवख्याच्या गरजेने वाचणे यांत फार मोठे अंतर आहे. व्याख्याता सुंदर ओवी शोधतो. नवखा आपल्या पायाला मुंग्या का आल्या, हे शोधतो.

प्रारंभीच ज्ञानदेव जागेचे वर्णन करतात. गीतेने एवढेच म्हटले आहे, की आसन शुद्ध जागी घालावे, ते फार उंच नको आणि फार सखल नको. त्या 'शुद्ध जागी' एवढ्या बीजातून ज्ञानदेवांनी पंधरा-वीस ओव्यांचे रान उभे केले आहे. तिथे बारमाही फळे देणारी झाडे आहेत, पावलापावलावर पाणी आहे आणि ते पावसाळ्यातही गढूळ होत नाही. ऊन कोवळे आहे, वारा मंद आहे. श्वापदांची वर्दळ नाही. पोपटाची बडबड नको, भुंग्याची गुणगुण नको, इथपर्यंत कवीने काळजी घेतली आहे. पाण्याशी हंस चालतील, दोनचार सारस चालतील. कोकिळेने कधीमधी यावे. मोर आले-गेले तर त्याला हरकत नाही.

आता आमचे सिरसाळे पाहा. हे बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातले बाजाराचे गाव, परळी-बीड रस्त्यावरचे. माझे घर रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे आणि तेवढे अंतर मोठ्या वाहनाच्या भोंग्याला काहीच नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख घेऊन जाणारे टिपर, वीटभट्टीची वाहने, पहाटेची एसटी. पाणी पावलापावलावर सोडाच, उन्हाळ्यात ते टाकीच्या तळाशी शोधावे लागते. मोर म्हणाल तर तो मी शेवटचा शाळेच्या पुस्तकात पाहिला. जागेच्या त्या ओव्या वाचून मला पहिल्या आठवड्यात खरोखर राग आला. मनात म्हटले, देवा, हे तुमच्या योग्यांना ठीक आहे. आम्ही बसायचे कोठे?

रागावलेला वाचक अधिक बारकाईने वाचतो, हा रागाचा एक फायदा आहे. चौथ्या-पाचव्या वेळी वाचताना माझ्या ध्यानात आले, की ज्ञानदेव झाडा-पाण्यापासून आरंभ करीतच नाहीत. त्यांचा आरंभ वेगळा आहे. जागा कशी हवी? तर जिथे बसले असता उठू नये असे वाटेल. जिची नुसती पाहणी केली तरी वैराग्याला दुणा भरेल. जवळून सहज जाणाऱ्या नास्तिकालाही जिथे तप करावेसे वाटेल, आणि एखाद्या विलासी माणसाच्या मनात येईल की, राज्य गेले तरी जाऊ दे, आपण येथेच निवांत पडून राहू. म्हणजे जागेची व्याख्या आधी बसणाऱ्याच्या मनावरून केली आहे. झाडे, पाणी, सारस हे त्या मनाचे नेपथ्य म्हणून मागाहून आले. आणि हे सारे रान उभारून झाल्यावर कवी हळूच एक मोकळी वाट ठेवतो: मठ असला तरी चालेल, शिवालय असले तरी चालेल. शिवालय गावात असते. तिथे घंटा असते, पोरे असतात, प्रदक्षिणा घालणाऱ्या बाया सुनांची उणीदुणी काढीत असतात. सारसांपासून शिवालयापर्यंत एका दमात येणारा हा कवी व्यवहाराला अजिबात परका नाही. माझ्यासारखे व्याख्याते सारसांपाशी थांबतात, कारण तिथे टाळी मिळते.

मला बसल्यावर उठू नये असे वाटणारी जागा घरात एकच निघाली. ती माजघरात नव्हती. स्वयंपाकघरात, जात्याची जुनी जागा आहे तिथे, पत्नी सकाळी भाजी निवडायला बसत असे. घोंगडी तिथे नेली. घड्याळ तिथून दिसत नाही.

यानंतर येतो तो कुंडलिनीचा भाग. हा भाग मराठी वाङ्मयातल्या अत्यंत समर्थ वर्णनांपैकी एक आहे, याविषयी माझे मत बदललेले नाही. कुंकवात न्हालेले नागाचे पिल्लू वेटोळे घालून निजलेले आहे, ही प्रतिमा ज्याने एकदा वाचली तो ती विसरत नाही. मूळ गीतेत यातले काही नाही. नाथपंथाची ही आतली खूण आहे, असे ज्ञानदेव स्वतःच सांगून टाकतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला बसून एका तरुणाने गुरुपरंपरेतली गुप्त विद्या बाजारच्या भाषेत मोकळी केली, हे धाडस केवढे होते!

पण नवख्या वाचकाचे या भागाने नुकसान होते, असे मी आता अनुभवाने म्हणतो. तो घडामोडींची वाट पाहू लागतो. मी पाहिली. दुसऱ्या महिन्यात पाठीच्या कण्यात जरा ऊब वाटली तेव्हा माझ्या मनाने केवढी धाव घेतली म्हणता! पुढे कळले की घोंगडीमागच्या भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांची पाणी तापवायची चूल आहे. हा प्रसंग मी मुद्दाम लिहितो आहे, कारण असली ऊब अनेकांना वाटते आणि चुलीचा शोध फार थोडे घेतात. ज्ञानदेवांनी जे लिहिले तो जाऊन आलेल्याने काढलेला मुलुखाचा नकाशा आहे. नकाशाला वेळापत्रक समजणे हा वाचकाचा दोष. परंतु आम्ही प्रवचनकारांनी त्याला ते वेळापत्रक म्हणूनच वाचून दाखवले, हा दोष आमचा.

कवीला हा धोका दिसला होता काय? मला वाटते, दिसला होता, आणि त्याचा पुरावा ग्रंथातच आहे. कुंडलिनीचे सारे वैभव सांगून होते न होते तोच ज्ञानदेवांचा अर्जुन मध्येच बोलतो. तो विचारतो, हे कोणालाही साधते की त्याला काही विशेष योग्यता लागते? हा प्रश्न मूळ गीतेत या ठिकाणी नाही. गीतेतला कृष्ण आपल्या ओघात पुढे मिताहारावर जातो. ज्ञानदेवांनी त्याला थांबवले आणि अर्जुनाच्या तोंडी हा प्रश्न घातला. हा प्रश्न कोणाचा असेल? नेवाशाच्या त्या सभेत जे साधे लोक बसले असतील, कुंडलिनीचे वर्णन ऐकून ज्यांचे चेहरे पडले असतील, त्यांचा, असे मी समजतो. आणि उत्तर काय मिळते? योग्यता हा बाजारात तयार मिळणारा माल नव्हे, आणि कोठे तिची खाणही नाही. काम साधले की मागाहून जिला आपण योग्यता म्हणतो, तीच ती. शिक्षकाच्या धंद्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला हे उत्तर फार लागते. 'याची कुवत नाही' असा शेरा मी किती प्रगतिपुस्तकांवर मारला, ते आठवून दोनतीन पहाटा वाया गेल्या.

यानंतर आहार-झोपेचे प्रकरण येते. ते शहाणपणाचे आहे. फार जेवू नये, फार उपास काढू नये. त्यावर अधिक लिहिण्याची ही वेळ नव्हे. दिवाळीचा अंक हाती घेऊन बसलेल्या वाचकाच्या पुढ्यात चिवड्याची ताटली असणार.

मनाच्या चंचलपणाविषयीचा अर्जुनाचा पुढचा प्रश्न मात्र गीतेतलाच आहे. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरायचे कसे? ज्ञानदेवांचा अर्जुन येथे हातघाईवर येतो. माकड समाधी लावून बसेल काय, सोसाट्याचा वारा थांब म्हटल्याने थांबेल काय, असे तो विचारतो. ज्ञानेश्वरीत संशयाला कधीही दुबळी भाषा मिळत नाही. उपदेशपर ग्रंथांत शंका बहुधा बुजगावण्यासारखी उभी करतात आणि मग ती एका फटक्यात पाडतात. येथे शंका जिवंत आहे, विनोदी आहे, आणि खरी आहे. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत मला धीर देणारी ओवी कोणती, असे कुणी विचारले तर मी उपदेशाची ओवी सांगणार नाही; माकडाची सांगेन. हे आपल्या एकट्याचे होत नाही, एवढे कळले की माणूस दुसऱ्या दिवशी बसतो.

समर्थांनी हीच गोष्ट आपल्या पद्धतीने सांगितली आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकातला आठवा समास अखंडध्यानाचा आहे. सायासाने मूर्ती डोळ्यांपुढे आणावी तर भलतेच काहीतरी दिसू लागते, जे भासू नये तेच भासते, याची त्यांनी स्वच्छ कबुली दिली आहे. पुढे ते मोठा मार्मिक प्रश्न टाकतात: ध्यान देवाचे करायचे की देवळाचे? ठराविक साच्याच्या ध्यानाला त्यांनी वेगळे काढले आणि अंतरातल्या निष्ठेला वेगळे. जांब समर्थांचे जन्मगाव, आमच्या मराठवाड्यातलेच. त्यांच्या बोलण्यातला रोखठोकपणा आम्हांला परका नाही. पण खरे सांगायचे तर नवख्याच्या पहाटेला समर्थ थोडे जड जातात. ते चूक अचूक दाखवतात आणि पुढच्या कामाला लागतात. चुकलेल्याच्या शेजारी दोन क्षण बसणे त्यांच्या स्वभावात कमी आहे.

विनोबांची गोष्ट निराळी. 'गीता प्रवचने' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितली गेली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी अशी तीन अंगे मांडली. मांडणी इतकी नितळ आहे की, वाचताना सगळे जमलेच असे वाटते. माझी तक्रार तीच आहे. तुरुंगात परिमितता सरकार पुरवते. जेवण मोजून, उजेड मोजून, बोलणे मोजून. बाहेर ज्याच्यापुढे गॅसची टाकी आणि नातवाची फी आहे, त्याने ती कोठून आणायची? विनोबांना उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचे सारे आयुष्यच ते उत्तर होते. पण आयुष्याचे उत्तर वाचकाला उचलून घेता येत नाही.

आमच्याकडचे काहीजण इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले आहेत. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन ही पद्धती भारतात शिकवायला सुरुवात केली. दहा दिवस मौन, आणि श्वासाकडे नुसते पाहणे. जाऊन आलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "तिथं सोपं असतं हो, गुरुजी. अवघड असतं ते घरी आल्यावर अकराव्या दिवशी." या एका वाक्यात पुष्कळ समीक्षा आहे. आजचा माणूस फोनवर घंटा लावून बसतो, त्याचीही अडचण हीच, अकराव्या दिवसाची. मोठ्या अनुभवाचे वर्णन करणारे ग्रंथ आपल्याकडे उदंड आहेत. अकराव्या दिवसाचा ग्रंथ कोणता?

तो मला ज्या ठिकाणी सापडला, त्याकडे मला एका बाईने वळवले. आमच्या मागच्या गल्लीत ऊसतोडीला जाणारी एक बाई राहते. तिला सगळी गल्ली मावशी म्हणते, मीही म्हणतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या आमच्या भागातून निघतात, पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब आहे. मावशी उन्हाळ्यात गावी होती. एका पहाटे पाणी भरायला जाताना तिने खिडकीतून मला बसलेले पाहिले.

"गुरुजी, अंधारात काय करायलाव?"

"ध्यान करतोय, मावशी."

"म्हंजी?"

"मन एका जागी ठेवायचं."

ती घागर कमरेवर घेऊन क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायचं असतंय. तवा मन हिकडंतिकडं गेलं की पाय गेला. म्या धा वरसं चढायले. मग माजं बी ध्यानच की!"

हा प्रसंग मी एका मित्राला सांगितला, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले आणि ते म्हणाले, हेच खरे ध्यान, आपले सगळे ढोंग. मला हे पटले नाही. कष्टांना ध्यान म्हणून मोकळे होणे ही बसून लिहिणाऱ्यांची सोय आहे. त्याने मोळीचे वजन गुंजभरही कमी होत नाही. आणि ज्ञानदेवांच्या कसोटीनेही ते उतरत नाही. अर्जुनाच्या माकडाला त्यांचा कृष्ण जे उत्तर देतो, ते असे आहे की, या मनाची एक गोष्ट चांगली आहे. त्याला जिथे गोडी लागते तिथे ते सोकावते, म्हणून त्याला आत्मसुखाची चव वारंवार दाखवावी. येथे भीती नाही, गोडी आहे. फळीवर मन थांबते ते पडण्याच्या भयाने, आणि खाली उतरले की ते दुप्पट पळते. मावशीचे मन एकाग्र होते, यात शंका नाही. त्या एकाग्रतेची गोडी तिच्या वाट्याला येत नाही. ती सगळी दुसऱ्याच्या साखरेत जाते.

पण मावशीच्या बोलण्याने माझा प्रश्न बदलला. तोवर मी विचारीत होतो, मला जागा कोठे आहे? आता प्रश्न झाला, जिला जागाही नाही आणि वेळही नाही, तिच्यासाठी या ग्रंथात काही आहे काय? सहाव्या अध्यायात मला ते मिळेना. त्यातला साधक कोणीही असो, त्याला निदान सकाळ मोकळी आहे.

ते मिळाले बाराव्या अध्यायात. हा अध्याय लहान, गीतेचे २० श्लोक, आणि भक्तीचा म्हणून आपण त्याकडे ध्यानाच्या शोधात सहसा जात नाही. चित्त स्थिर ठेवता येत नसेल तर अभ्यास कर, असा तिथे श्लोक आहे. त्यावर ज्ञानदेव म्हणतात, सगळे मन मला देता येत नाही ना? मग असे कर, दिवसाच्या आठ प्रहरांतून एक निमिष देत जा. एक निमिष! पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. आसन नाही, कुश नाही, सारस नाहीत. फळीवरून उतरून दुसऱ्या मोळीकडे वळताना जेवढा वेळ मिळतो, तो निमिषाहून जास्तच असतो. आणि तो भयाचा नसतो.

माझ्या जुन्या पोथीत या ओवीच्या समासात पेन्सिलीने एक शेरा आहे, माझ्याच हातचा, विद्यार्थीदशेतला: 'सोपे. पुढे चला.'

या ओवीनंतर ज्या दोन उपमा येतात त्या मला आता साऱ्या ज्ञानेश्वरीत अपूर्व वाटतात, आणि योगायोग असा, की त्या नेमक्या या दिवसांच्या आहेत. पहिली शरदातल्या नदीची. पावसाळा सरला की नदी ओहटू लागते. कुणी तिला ओढून नेत नाही, आज थोडी, उद्या थोडी, आणि तसे मन संसारातून मागे सरते. दुसरी चंद्राची. पुनवेपासून बिंब दिवसेंदिवस हरपत जाते आणि अवसेला उरतच नाही. चित्त असे भोगांतून उणे होत जाते.

या उपमांचे मोठेपण कशात आहे? ध्यानाविषयी आपण चढण्याची भाषा बोलतो. पायऱ्या, शिखर, जागृती. सहाव्या अध्यायातली कुंडलिनीही चढतेच. येथे मात्र कवीने उतरणीची चित्रे घेतली आहेत. आणि ज्या अवसेला आपण अशुभ मानतो, तिला पूर्णतेच्या जागी बसवले आहे. नवख्याला याचा काय उपयोग होतो, तो मी सांगू शकतो. चढणाऱ्याला रोज विचारावेसे वाटते, किती चढलो? नदी आज किती ओहटली, हे काठावर रोज उभे राहून दिसत नाही. तेव्हा न दिसणे हे न होण्याचे लक्षण मानायचे कारण उरत नाही. अकराव्या दिवसाला उपयोगी पडणारी उपमा हीच. गोदाकाठच्या माणसाला नदीचे ओहटणे कोणी शिकवावे लागत नाही. ज्ञानदेवांनी ती उपमा पैठण-नेवाशाच्या वाळवंटावर उभे राहून उचलली असेल, असे मला वाटते.

एका बाबतीत मात्र मी कवीशी भांडणार आहे. एवढे निमिषावर आणून ठेवल्यावर ज्ञानदेवांना राहवत नाही. लगेच ते अभ्यासाचा पवाडा गातात. अभ्यासाने काहींनी वाघ-सर्प वश केले, विष पचवले, समुद्रावर पायवाट काढली. झाले! निमिषाला बसलेला नवखा पुन्हा उठून समुद्राकडे पाहू लागतो. येथे कवी जिंकला आणि शिक्षक हरला, असे माझे मत आहे. ज्ञानेश्वरीत असे क्वचित घडते, म्हणून ते नोंदवावे. आपल्याकडे संतकाव्याची समीक्षा म्हणजे आरतीचे गद्य रूपांतर अशी समजूत अजून गेलेली नाही. पण ज्या कवीने संशयाला माकडासारखी जिवंत भाषा दिली, तो माझ्यासारख्याच्या तक्रारीवर रुसणार नाही, असा मला भरवसा वाटतो. आणि 'अभ्यास' हा शब्दही पाहा कसा घसरला! आज घरात आपण पोराला विचारतो, अभ्यास झाला का? म्हणजे वहीची पाने भरली का? जो कधी पुरा व्हायचा नाही, त्याला आपण 'झाला का' असे विचारतो. मीही बत्तीस वर्षे तेच विचारले.

मावशी गेल्या आठवड्यात टोळीबरोबर गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिला मी ती निमिषाची ओवी अर्थासह सांगितली. प्रवचन करू नये असे मनाशी ठरवले होते, तरी थोडे झालेच. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "एवढंच?" मी म्हटले, "एवढंच." ती म्हणाली, "मग तुमी घंटाभर कशापायी बसताव?" मला उत्तर देता आले नाही. मी घंटाभर बसत नाही, हेही सांगता आले नाही. वीस-बावीस मिनिटांवर माझी मजल गेलेली नाही.

झोप आता बरी येते. गोळ्या बंद आहेत. ते ध्यानाने झाले की वर्ष उलटल्याने झाले, हे मी सांगू शकत नाही आणि सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. खिडकीचे दार अजून खोकते. आता मी त्याचा आवाज ऐकतो, कोण आहे म्हणून वळत नाही, कधीमधी वळतो. यंदा सप्ताहात सहाव्या अध्यायावर बोला म्हणून मंडळी आली होती. मी त्यांच्याकडे बारावा मागून घेतला. ते जरा हिरमुसले. त्यांना ते सारस आणि मोर पाहिजे होते.